पाणी बघ जरा

मनोरमाबाईंनी पिशवीतून जुना पेपर काढला, व्हरांड्यातल्या सिमेंटच्या बाकावर पसरला, त्याच्या कडा सारख्या केल्या आणि मग त्या बसल्या. व्हरांडा सकाळीच धुतलेला होता. बाकावर धुळीचा कण नव्हता. ते त्यांना दिसत होतं, तरी दर खेपेला पेपर निघायचाच.

उधवा गावाच्या अलीकडे, मिशनच्या आवारात हा दवाखाना होता. डहाणूहून यायचं म्हणजे आधी एसटी आणि पुढे रिक्षा. वासुदेवरावांना याच गोळ्या डहाणूच्या सरकारी दवाखान्यातही फुकट मिळाल्या असत्या. पण स्टेशनच्या तिकीट खिडकीत उभी हयात काढलेल्या माणसाला गावात कोण ओळखत नाही? शेजारणींनी विचारलं, की मनोरमाबाई सांगत, "यांच्या गुडघ्याला मालिश करून आणते. तिथल्या सिस्टरांचा हात चांगला आहे." लेक श्रुतिका बाळाला घेऊन पुण्याहून यायची म्हणत होती. तिला सांगितलं होतं, घराच्या रंगाचं काम काढलंय, बाळाला वास सोसायचा नाही. तो रंग काही केल्या संपत नव्हता.

सुरुवात तशी हसण्यावारीच गेली होती. निवृत्तीनंतर सकाळचा चहा वासुदेवराव करायचे, आणि उकळतं पातेलं सांडशीशिवाय उतरवायचे. "रेल्वेचा हात आहे, बाईसाहेब," असं वर मिरवायचे. मनोरमाबाईंनाही गंमत वाटायची. मग एके दिवशी त्यांना करपल्याचा वास आला. काय करपतंय म्हणून त्या धावत आल्या, तर उजव्या हाताची दोन बोटं पातेल्याला टेकलेली होती आणि वासुदेवराव आरामात गाळणं शोधत होते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव घरात पुन्हा कोणी उच्चारलं नाही. मनोरमाबाई रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. त्यांच्या आतलं काहीतरी पंखा बंद व्हावा तसं बंद झालं, एवढंच. बाजारात जाऊन त्यांनी नवऱ्यासाठी एक ताट आणलं. चांगलं, जाड, वजनदार स्टीलचं. साबण वेगळा काढला, टॉवेल वेगळा काढला. आपली गादी हॉलमध्ये घातली. चहाचा कप स्टुलावर ठेवून त्या दोन पावलं मागे सरकत, मग वासुदेवराव तो उचलत. औषध सुरू झाल्यावर हा आजार कोणाला लागत नाही, हे सिस्टर निलमने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मनोरमाबाईंनी नीट ऐकलं, मान डोलावली, आणि घरी येऊन कप स्टुलावर ठेवला. कोर्स संपू दे, त्या मनाशी म्हणत, मग सगळं पहिल्यासारखं.

त्याच भेटीत त्यांनी भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे बघून विचारलं होतं,

"तुमच्याकडे प्रार्थनेनं बरं करतात ना?"

"आम्ही गोळ्यांनी करतो," सिस्टर निलम हसली होती. साधारण चाळिशीची, तलासरीकडचीच बाई. "प्रार्थना असते, पण गोळी चुकवायची नाही."

"मग यांनी कसं बरं केलं म्हणे?"

सिस्टर पट्ट्यांची घडी घालता घालता थांबली होती. "एक रोगी आला होता त्याच्याकडे. गावाबाहेर काढलेला. येशूनं नुसतं 'बरा हो' म्हटलं असतं, तरी झाला असता. काही जणांना केलंय तसं, लांबून. पण याला त्यानं आधी हात लावला. बरं मग केलं." आणि पुन्हा घडी घालत ती म्हणाली, "त्या माणसाला किती वर्षांत कोणाचा हात लागला नसेल, ते त्याला ठाऊक असणार."

मनोरमाबाईंनी तेव्हाही मान डोलावली होती.

आज वासुदेवराव आत होते. दार उघडं होतं. सिस्टर त्यांच्या उजव्या हाताला तेल लावून वाकू लागलेली बोटं एकेक करून सरळ करत होती. व्हरांड्यात, मनोरमाबाईंच्या समोरच्या स्टुलावर काकड्या बसला होता. दवाखान्यामागच्या खोलीत राहणारा म्हातारा. हाताची बोटं आत वळलेली, पायांना बधिरपण. त्याच्यापुढे रिकामा टब, शेजारी गार पाण्याची बादली आणि गरम पाण्याची किटली.

"मनोरमाताई," आतून सिस्टरची हाक आली, "काकड्याबाबांना पाणी काढून देता का? पाणी काढून देणारी पुतळी आज लग्नाला गेलीय. माझे हात तेलाचे आहेत. तेवढं कोपर घालून बघा. त्यांना गरम कळत नाही."

इथला तो नियमच होता. पाय भिजवल्याशिवाय कातडं मऊ पडत नाही, आणि ज्याला चटका कळत नाही त्याने स्वतःचं पाणी स्वतः ठरवायचं नाही. शाबूत हाताच्या माणसाने बघून द्यायचं.

नाही म्हणायला मनोरमाबाईंना कारण सुचलं नाही. त्यांनी गार पाणी ओतलं, गरम ओतलं, कोपर बुडवून बघितलं. नातवंडाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. पाणी स्वच्छ होतं. त्यात अजून कोणी पाय घातला नव्हता. कोपर पुसून त्या पेपरवर जाऊन बसल्या. काकड्याने पाय टबात सोडले.

"घरी कोण असतं?" काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी विचारलं.

"पोरं हाईत. सुना हाईत." काकड्या पाण्याकडे बघत होता. "मना पाड्याबाहेर खोपी बांधून दिली व्हती त्यांनी. चांगली बांधली. नवीन कारवीचा कूड, नवीन छप्पर. येक थेंब गळत नव्हता."

तो तक्रार करत नव्हता. खोपी खरंच चांगली होती, असं सांगत होता. मनोरमाबाईंना उगाचच ते जाड स्टीलचं ताट आठवलं.

"बाय," थोड्या वेळाने तो म्हणाला, "वाफ गेली. पानी थंड झाला आसंल. जरा ऊन वत ना."

मनोरमाबाईंनी किटली उचलली आणि मग त्यांच्या लक्षात आलं. आता पाय आत होते. वरून कडक पाणी ओतलं तर ज्या जागी पडेल तिथलं कातडं भाजणार, आणि म्हाताऱ्याला पत्ता लागणार नाही. ओतताना हात आत ठेवून पाणी ढवळायला हवं होतं. त्यांनी दाराकडे बघितलं. सिस्टर खाली मान घालून बोटं ताणत होती. वासुदेवराव मात्र इकडेच बघत होते.

त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि डावा हात टबात घातला.

धार सोडत त्या पाणी ढवळत राहिल्या. काकड्याची टाच बोटांना लागली. खरखरीत होती. किळस येईल म्हणून त्या वाट बघत होत्या, ती आली नाही. दयाही आली नाही. नुसतं कोमट पाणी होतं, आणि त्यात एका माणसाचा पाय. पाणी जमलं तरी त्यांचा हात थोडा वेळ तिथेच राहिला.

परतीच्या एसटीत वासुदेवराव खिडकीशी बसले. नेहमीप्रमाणे दोघांच्या मध्ये पिशवी होती. आशागड मागे पडलं.

"त्याच्या पाण्यात हात घातलास," वासुदेवराव म्हणाले.

"सिस्टर म्हणाल्या म्हणून."

"हं." ते बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मनोरमाबाईंना सोपं गेलं असतं. गेल्या कित्येक दिवसांत आपला हात लागलेलं पहिलं माणूस तो म्हातारा होता, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची लाज वाटली. पिशवी उचलून मांडीवर घ्यावी असं वाटलं. ती त्यांनी तिथेच राहू दिली.

संध्याकाळी वासुदेवरावांनी न्हाणीघरातून टब आणला. हात भिजवायची ही त्यांची रोजची वेळ. सगळं स्वतःचं स्वतः करत. गीझरचं पाणी घेत, डाव्या हाताने अंदाज बघत, उजवा बुडवून बसत. डावा हात ठणठणीत होता. मनोरमाबाई तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी काम काढत.

आजही त्या कणीक मळायला घेत होत्या. पण बाहेर पाण्यात हात बुडवल्याचा आवाज आला नाही. त्यांनी डोकावून बघितलं. टब भरलेला होता, बाह्या वर सारलेल्या होत्या आणि वासुदेवराव दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

"अगं," वर न बघता ते म्हणाले, "पाणी बघ जरा."

तुमचा डावा हात आहे की, असं अगदी ओठांवर आलं होतं. ते दोघांनाही माहीत होतं. मनोरमाबाईंनी हाताची कणीक झाडली आणि त्या टबाशी उकिडव्या बसल्या. कोपर नाही, सबंध हात मनगटापर्यंत पाण्यात घातला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

वासुदेवराव बायकोने हात काढायची वाट बघत राहिले. तो निघेना, तेव्हा त्यांनी हळूच आपला उजवा हात शेजारी सोडला. मनोरमाबाईंनी पाण्यातच ती बोटं धरली, सिस्टरने धरली होती तशी, एकेक करून.

"कळतंय का काही?"

"नाही," वासुदेवराव म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "दिसतंय."

पाणी गार व्हायला लागलं होतं. कोणी उठलं नाही.

"श्रुतिकाला फोन करते," मनोरमाबाई म्हणाल्या. "रंग झाला म्हणून सांगते."