रुखमाबाईचं बिडी कार्ड

रुखमा म्हातारीने उभ्या आयुष्यात एकदाच फोटो काढला, आणि त्याच फोटोने तिच्या घराचं वाटोळं केलं. तिला कोणी फसवलं नाही हो. स्वतःच्या हौसेने गेली ती.

दिल्लीच्या कामगार मंत्रालयाने बिडी कामगारांसाठी निधी काढला होता. दवाखान्याची गाडी गावात येणार, पोरांना वह्या-पुस्तकं मिळणार, आणि वळणाऱ्या बाईला क्षय झालाच तर नागपूरच्या दवाखान्यात राखीव खाट. ज्याच्याजवळ कार्ड, त्याला खाट. ब्याऐंशी साली ठेकेदार केवळराम फॉर्म घेऊन सानगडीजवळच्या तिच्या गावात आला तेव्हा त्याने सरळ विचारलं होतं, "रुखमाबाई, बिड्या तं तुळसाच वळते आता. कार्ड तिच्याच नावानं करू का?"

म्हातारी फणकारली. "काहून? मी मेली का?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बिड्या वळायचं सूप हातातून सुटून आठ वर्षं झालेली, पण तोरा केवढा! गावचा रिवाजच तसा होता म्हणा. थोरली बाई जिवंत असेस्तोवर कारखान्याच्या रजिस्टरात नाव तिचं. वळायच्या सुना आणि लेकी. विधवा सून तुळसा पदर दातात धरून बिड्या वळत राहिली. रुखमा नवं लुगडं नेसून बाजारात फोटोला बसली. कार्ड आलं तसं ते गल्लीभर दाखवत फिरली. स्वतःला दिसत नव्हतं, म्हणून ज्याला त्याला विचारायची, "कशी दिसून राहिली मी?"

दोन वर्षांनी तुळसाच्या थुंकीत रक्त आलं.

गाडीच्या डॉक्टरने छातीला नळी लावली आणि म्हणाला, "बाई, नागपूरला भरती व्हा. गोळ्यांवर हे भागणार नाही. कार्ड आणा." कार्ड पाहिलं, आणि तो थबकला. "हा फोटो कोणाचा?"

रुखमा काठी टेकत पुढे झाली. "साहेब, मी लबाड हावो. नाव माहं, मेहनत इची. तसं लिहा."

डॉक्टरने लिहिलं. पंधरा दिवसांनी चौकशीचा साहेब आला. माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. पण तीन गावांत उसन्या कार्डांवर लोकांनी त्याला बनवलं होतं. ओसरीवर बसत तो म्हणाला, "माझ्यासमोर दोघींनी बिडी वळा. सून वळणारी ठरली की आजच कार्ड तिच्या नावावर करतो, उद्या भरती."

"मले येतच नाई," रुखमा म्हणाली, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. सकाळपासून तिने हेच घोकलं होतं. चाळीस वर्षं बिड्या वळलेल्या हातांचा तिला भरवसा नव्हता.

तुळसाने सूप ओढलं. तेंदूचं पान कापलं, जर्दा पसरला, गुंडाळायला घेतलं. हळूहळू का होईना, पान वळत होतं. आता फक्त धागा. रुखमा कान देऊन ऐकत होती. बांध पोरी, बांध लवकर, ती मनातल्या मनात म्हणत होती.

आणि खोकला आला. तुळसा कंबरेत वाकली, सूप कलंडलं, अर्धी बिडी सुटत सुटत रुखमाच्या मांडीवर येऊन पडली.

म्हातारीचे हात मांडीखालून कधी निघाले ते तिलाही कळलं नाही. सुटती बिडी हाताशी आली की सावरायची, जर्दा सांडू द्यायचा नाही. लहानपणी मायने मारून मारून शिकवलेलं. तिने पान आवळलं, धाग्याचे दोन वेढे दिले, नखाने तोंड मुडपलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं तरी एका दमात. मग आपण काय करून बसलो ते तिच्या लक्षात आलं.

साहेबाने बिडी घेतली, फिरवून पाहिली. "आजी, असली बिडी रोज वळल्याशिवाय येत नाही."

"नाई साहेब! तुमच्या पाया पडतो! हे जुनी सवय हाय, हे..." म्हातारी त्याचे पाय चाचपडत राहिली, हाताला जमीनच लागत होती.

"सुनेला तर वळताच आली नाही," तो हळूच म्हणाला. वाईट त्यालाही वाटत होतं. त्याने लिहिलं: कार्ड बरोबर आहे, बदल नको. सही केली आणि मोटारसायकलवर बसून गेला.

रुखमाने आपल्या हातांवर दगड घालावा तशी मूठ आपटून घेतली. तुळसाने तिचे हात धरले. धापा टाकत म्हणाली, "राहू द्या आत्याबाई. चांगली बांधली तुमी."

त्या पोरीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माघात ती गेली.

तेराव्यानंतर केवळराम पानं-जर्दा घेऊन दारात उभा राहिला. त्याचा आवाज पडलेला होता. "रुखमाबाई, आता कोन वळन? नाव काढून टाकू का?"

म्हातारीने चाचपडत कोपऱ्यातलं तुळसाचं सूप ओढलं, मांडीवर घेतलं.

"ठेव इथं," ती म्हणाली. "कार्ड माह्याच नावाचं हाय."