मी चुकीचा आकडा दिला नव्हता

मी एक जुना फोटोमीटर आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असलं तरी माझं काम साधं. रक्ताच्या नमुन्यात औषध मिसळून रंग आला, की त्यातून उजेड सोडायचा आणि रंग किती गडद ते आकड्यात सांगायचं. एका तपासणी प्रयोगशाळेत मी अठरा वर्षं हेच केलं. तिथल्या ताई रोज मऊ फडक्याने माझी काच पुसत. "आमचं हे म्हातारं खोटं बोलत नाही," असं कौतुकाने सांगत.

एका दुपारी पोट धरून वाकलेला एक शिंपी आला. सोबत बायको होती. स्वादुपिंडाला सूज आली की रक्तातलं एक पाचक विकर, म्हणजे एन्झाइम, खूप वाढतं. तेच मला मोजायचं होतं. पण गर्दीत ताईंनी त्याचं रक्त राखाडी टोपणाच्या नळीत घेतलं. ती नळी साखर मोजण्यासाठी असते. तिच्या तळाशी चिमूटभर साधे क्षार असतात. ते विकरांचं काम थांबवतात, म्हणून रक्तातली साखर टिकते. शिंप्याचं विकरही त्यांनी तसंच दाबून टाकलं. रंग जेमतेम आला. मी दिसला तेवढाच आकडा दिला.

ताईंच्या लगेच लक्षात आलं. "सर, माझ्याकडून नळी चुकली. क्षारांनी विकर दबलंय. रक्त परत घ्यावं लागेल."

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर घाईत होते. "आकडा नॉर्मल आलाय ना? मग कशाला कीस पाडताय? द्या रिपोर्ट."

ताईंनी रिपोर्ट दिला. तो पाहून डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि शिंप्याला घरी पाठवलं. चौथ्या दिवशी तो गेला.

त्याची बायको कागद घेऊन परत आली. "यात सगळं ठीक लिहिलंय. मग माझा माणूस गेला कसा?"

सर हळहळले. "काय सांगू वहिनी, मशीन जुनं झालंय. त्यानेच दगा दिला."

तिने माझ्याकडे पाहिलं. तशी नजर कुणाच्याही वाट्याला येऊ नये. मला आकड्यांपलीकडे बोलता येत नाही. ज्यांना येत होतं, त्या ताई मान खाली घालून उभ्या राहिल्या. संध्याकाळी त्यांनीच माझ्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवली.

आता मी जिन्याखाली रिकाम्या खोक्यांमागे पडून आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण चूक दिसली की बोला, आणि कुणी उडवून लावलं तर पुन्हा बोला. ताई एकदाच बोलल्या होत्या.