मळ्यातला अंकुश, वेशीतला अंकुश

"काका, हा मानूस मेलाय का साहेब झालाय?"

अलीमनं कॉम्प्युटरवरची नजर न हलवता विचारलं. शिरूरला त्याच्या प्रेसमध्ये स्टुलावर बसून मी प्रुफं तपासत होतो. चष्मा वर करून म्हणालो, "कोन?"

"अंकुश कोंडिबा डोईफोडे. पान एकवीसवर तहसीलदार हाय. आन् मागं दिवंगतांच्या यादीत बी हाय. डुप्लिकेट झालंय. कुठलं उडवू?"

"कुठलंच उडवू नको. दोन मानसं हायेत ती."

"बापाचं नाव बी सेम?"

"बापाचं बी, गाव बी."

"बरं झालं इचारलं. न्हाईतर जित्याला मारलं असतं मी," अलीम म्हणाला आणि हसला. मला काही हसू आलं नाही. मी म्हटलं, मला पान एकवीसचं प्रूफ दे, घरी जाऊन नीट बघतो. त्या पानात बघण्यासारखं काय होतं? अर्धं पान मजकूर, मधोमध फोटोची रिकामी चौकट. साहेबांचा फोटो अजून आला नव्हता. पण सकाळपासून ते पान मी चार वेळा हातात घेतलं होतं आणि चारही वेळा खाली ठेवलं होतं.

मी बाळासो डोईफोडे. गावच्या हायस्कुलात एकतीस वर्षं कारकुनी करून रिटायर झालो. गाव भीमेच्या काठी, राहूच्या अलीकडं. नाव सांगत नाही. अर्धं गाव डोईफोड्यांचं. आडनाव असं दणदणीत, पण बांधाच्या भांडणापलीकडं आमच्यातल्या कुणी कुणाची डोई फोडल्याचं ऐकिवात नाही. यंदा आमच्यातल्याच पप्पूशेठच्या डोक्यात आलं, कुळाचं संमेलन घ्यायचं आणि 'डोईफोडे कुलभूषण' नावाचं पुस्तक काढायचं. कुळातली सगळी नामवंत माणसं एका पुस्तकात. अक्षर चांगलं आणि रिकामटेकडा, म्हणून काम आलं माझ्या गळ्यात. नामवंत तरी कोण? दोन डॉक्टर, एक रिटायर फौजदार, चांदीची गदा मिळवलेला एक पैलवान, आमदारकीचं तिकीट मिळता मिळता राहिलेले एक आप्पा, आणि खुद्द पप्पूशेठ, त्यांना पानं चार. त्यातच पान एकवीस.

आमच्यात नावांचा दुष्काळ फार. मूळ पुरुषाचं नाव कोंडिबा, त्यामुळं प्रत्येक घरात एक तरी कोंडिबा असतोच. दोन कोंडिबांनी एकाच वर्षी झालेल्या पोरांची नावं अंकुश ठेवली. एकाचं घर वेशीत, दुसऱ्याचं नदीकडच्या मळ्यात. गावाला काही अडचण नव्हती. वेशीतला अंकुश आणि मळ्यातला अंकुश. शाळेत हजेरीला सर 'मळ्यातला' म्हणत आणि मळ्यातला 'हजर' म्हणे. अडचण फक्त कागदाची. कागदावर वेस नसते आणि मळाही नसतो.

दोघं बारावी झाले आणि दोघांनी पुण्याला जाऊन नोकरीसाठी नाव नोंदवलं. तेव्हा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून पत्र येई, त्याला पोरं 'कॉल' म्हणत. पोस्टमन लांबच्या वस्तीवर जात नसे, म्हणून पोरं पत्ता शाळेचा देत. माझ्याकडं एक वही होती. नाव आणि समोर नोंदणीचा नंबर. पत्र आलं की वहीत नंबर बघायचा आणि त्या पोराला निरोप धाडायचा.

सत्त्याण्णवच्या आषाढात एक पाकीट आलं. अंकुश कोंडिबा डोईफोडे. पुण्याच्या एका सरकारी खात्यात कारकुनाच्या जागेचा कॉल. त्याच वेळी वेशीतला अंकुश धाकट्या भावाचा दाखला न्यायला खिडकीशी उभा होता. मी म्हणालो, "अरं, तुझंच पत्र हाय बघ." वही कपाटात होती. कपाट माझ्या मागं, चार पावलांवर. मी उठलो नाही.

तो गेला, मुलाखत झाली, लागला; पुढं परीक्षा देत, बढत्या घेत तहसीलदार झाला. त्या खात्यातल्या कारकुनानंही नावच पाहिलं असणार. आम्ही कारकून नावावर जातो. दिवाळीच्या सुट्टीत कपाट आवरताना वही हाताला लागली आणि सहज नंबर ताडून पाहिला. पाकिटावरचा नंबर मी आवक रजिस्टरला उतरवला होता. तो मळ्यातल्याचा होता. मी तिथंच खाली बसलो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वेशीतल्याची ऑर्डर निघाली होती, घरात सोयरिकीची बोलणी चालू होती. एकाच्या पुढचं ताट ओढून दुसऱ्याला कसं द्यायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगू? माझी नोकरी जाईल ही भीती होती. चूक झाली एका मिनिटात, गप्प बसलो सत्तावीस वर्षं. मळ्यातला अंकुश वर्षभर दर सोमवारी खिडकीशी येऊन विचारायचा, आणि दिवाळीनंतरही मी त्याच्या तोंडाकडं बघून 'न्हाई' म्हणत राहिलो. मग त्यानं येणं सोडलं आणि कुरकुंभला एका कंपनीत कंत्राटावर लागला. बावीस वर्षं शिफ्ट केल्या. पाच वर्षांपूर्वी पहाटे ड्युटीला निघाला आणि भांडगावपाशी त्याची मोटारसायकल घसरली.

तेव्हापासून तो मला दिसतो. भूतबीत मी मानत नाही. पण दौंडच्या स्टँडवर कंपनीचा निळा शर्ट घातलेला पाठमोरा माणूस दिसला की मी दुसऱ्या फलाटावर जातो. पान एकवीस लिहिताना तर दर वेळी पेन 'अंकुश'वर अडायचं. मी साहेबाचं नाव लिहायचो आणि डोळ्यांपुढं खिडकीतला चेहरा यायचा. वाटायचं, आपण जिवंत माणसाची कीर्ती मेलेल्याच्या नावानं लिहितोय. पुस्तक एकदा छापून झालं की हे कायमचं होणार. आता त्याच्या आईला सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हेही मला कळत होतं.

शिरूरहून न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून घरी आलो. चहा घेतोय तोवर दारात तुळजावहिनी. मळ्यातल्या अंकुशची आई. पंच्याहत्तरीची बाई, मळ्यातून दोन किलोमीटर पायी आलेली. उंबऱ्याशी चपला काढून खाली बसली. माझी बायको सुषमा म्हणाली, खुर्चीवर बसा की. तर म्हणे, "नको बाई, खालीच बरं."

"काय काढलं वहिनी?"

"भावजी, तुमी पुस्तक करताय म्हनं. समद्या डोईफोड्यांचं."

"समद्यांचं न्हाई..." मी म्हणालो आणि अडखळलो. नामवंतांचं, हा शब्द तिच्यापुढं तोंडातून निघेना.

तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत अंकुशचा पासपोर्ट फोटो होता, गेटपाससाठी काढलेला. "आमची सून ललिता म्हनली, आत्या, कशाला जाताय, ते मोठ्या मानसांचं पुस्तक हाय. म्हनलं, इचारून तर बघू. न्हाई म्हनले तर न्हाई. मागं मेलेल्यांची नावं हायेत म्हनं. तिथं बारीक लावला तरी चालंल."

पान एकवीस माझ्या शेजारी कॉटवर पडलं होतं. मी उचलायच्या आत तिनं पुढं सरून ते हातात घेतलं.

"मला वाचता येत न्हाई. पर हे वळखते मी." तिनं नावावरून बोट फिरवलं. "हे त्याचं नाव हाय. त्याच्या कंपनीच्या कार्डावर असंच हुतं. रोज डब्याबरूबर द्यायची ना मी ते, तवा बघून बघून ध्यानात ऱ्हायलंय." मग तिला रिकामी चौकट दिसली. तिचा चेहरा असा काही झाला की मला बघवेना. "म्हंजी तुमी त्याचं पान केलंय. फोटूची जागा बी ठिवलीया. आन् मी येडी भीत भीत आले."

तिनं फोटो चौकटीत ठेवला. बरोबर बसला. तळव्यानं दाबून तिनं तो सरळ केला.

सुषमा माझ्याकडं बघत होती. तिलाही मी कधी काही सांगितलं नव्हतं. मनात आलं, हो म्हणून मोकळा हो, पुस्तक काय म्हातारी वाचणार आहे? कारकुनाचं मन ते, सोपी वाट त्याला आधी दिसते.

"वहिनी," मी म्हणालो, "ते पान वेशीतल्या अंकुशचं हाय. तहसीलदाराचं."

ती नखानं फोटो उचलायला लागली. कागदाला घाम लागून तो चिकटला होता. "चुकलं माझं," म्हणाली. "नाव तेच दिसलं, म्हनून चुकलं."

ती चुकलं म्हणाली आणि माझ्यानं राहवेना.

"तुमचं न्हाई चुकलं. माझं चुकलंय." आणि मी सगळं सांगितलं. पाकीट, खिडकी, कपाटातली वही, दिवाळीतला नंबर. दर सोमवारी खोटं बोललो तेही. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं सांगू शकलो नसतो. वाटलं, शिव्या देईल. चपलेनं हाणलं तरी खायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. गावात बोंब मारेल, उद्या साहेबाच्या नोकरीवर येईल, हे सगळं डोक्यात होतं.

ती शिव्या देईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"ते पाकीट त्याचंच हुतं?"

"त्याचंच. वही हाय माझ्याकडं. दावू?"

"मला काय कळतंय त्यातलं." मग म्हणाली, "म्हंजी तो पुन्याला गेला हुता? नाव लावाया?"

मला प्रश्न समजला नाही. "गेला हुता की. त्याबिगर नंबर कसा मिळंल?"

"खरंच गेला हुता," ती स्वतःशीच म्हणाली. सुषमानं पाणी पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही. माझ्याकडं न बघता बोलायला लागली. "वर्सभर घरात बसून हुता. कामाला जा म्हनलं की म्हनायचा, आये, कॉल येनार हाय. वेशीतल्याला आला, ह्याला न्हाई. मी म्हनले, तू नाव लावाया गेलाच न्हाईस. पुन्याला सिनेमा बघून आलास आन् मला फशिवतोस. त्यानं कसला तरी कागद दावला. म्हनलं, कागद काय, रद्दीत घावत्यात. तर माज्या डोक्यावर हात ठिवला त्यानं. आये, तुझी शप्पत, म्हनला. मी त्याचा हात झटकला भावजी. खोटी शप्पत घिऊन आईला मारतोस का, म्हनले."

सुषमानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"दुसऱ्या दिशी कुरकुंभला गेला तो. परत कवा कॉलचं नाव काढलं न्हाई. मी मातर काढायची. कायबी झालं की काढायची. पोरीच्या बारशाला बी चार बायांत म्हनले, माजा अंकुश लई गोड खोटं बोलतो. हसला नुसता." ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, एकेक करत. "चला."

"कुठं?"

"मळ्यात."

मी मागून निघालो. ती उसाच्या बांधावरून पुढं पुढं चालत राहिली, एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मी येतोय की नाही याचं तिला काही पडलेलं दिसलं नाही. मी मनात शब्द जुळवत होतो. अंकुशच्या बायकोपुढं काय म्हणायचं, माफी कशी मागायची. दारात गेल्यावर आधी हात जोडायचे, एवढं ठरलं.

ललिता पडवीत कांद्याचं रोप निवडत बसली होती. आम्हा दोघांना बघून उभी राहिली. "काय झालं आत्या? न्हाई म्हनले का?"

"तुझ्या नवऱ्याला कॉल आला हुता," तुळजावहिनी म्हणाली. "ह्यांनी दुसऱ्याला दिला. ह्यांनाच इच्यार."

ललितानं माझ्याकडं पाहिलं. मी जोडायला हात वर केले ते तसेच अर्धवट राहिले, कारण म्हातारी तोवर आत गेली होती.

आतल्या भिंतीवर अंकुशचा मोठा फोटो होता, प्लॅस्टिकचा हार घातलेला, तिच्या हाताला येणार नाही इतका उंच. तिनं कोपऱ्यातला पत्र्याचा डबा ओढला. ललिता "आत्या, पडाल" म्हणत धावली, तर तिनं सुनेचा हात बाजूला केला आणि डब्यावर चढली. पदरानं काच पुसली. एकदा पुसली, परत पुसली. मग तिनं कपाळ फोटोच्या खालच्या कडेला टेकवलं, जिथं माणसाचे पाय असायला हवेत तिथं. आई लेकराच्या पाया पडत नाही. आमच्यात नाहीच पडत. लेकराचं आयुष्य कमी होतं म्हणतात.

"अंकुश," ती म्हणाली, "तू खोटं बोलला न्हवतास बाबा. मीच बोलले. माफ कर आईला."

ललिता डबा धरून खाली बसली होती. मी दाराशी उभा होतो. मला कुणी बस म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही.