अकरा सरकारी पारंब्या

सरोजिनी नगरातल्या वडावर पिवळ्या रंगात ४७ हा आकडा पडला, तेव्हाच आत्माराम म्हणाले, "गेला." रस्ता रुंद व्हायचा होता. बदल्यात वनखातं दहा रोपं लावणार होतं, तीही शेजारच्या जिल्ह्यात. ऊन मात्र इथल्याच लोकांनी खायचं.

हवाई दलातून निवृत्त झालेल्या माणसाला शोभेल अशा शिस्तीत आत्मारामांनी पाच अर्ज केले. पाचही अर्जांची पोच मिळाली, बाकी काही नाही. त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई मात्र हातपाय गाळणाऱ्यांतल्या नव्हत्या. बावीस वर्षांपूर्वी त्या साताऱ्याहून इथे आल्या, तेव्हा अख्ख्या लखनऊत ओळखीचा असा हा एक वडच होता. दर वटपौर्णिमेला त्याला दोरा गुंडाळायचा आणि घरी येऊन नवऱ्याशी राहिलेलं भांडण पुढे चालू करायचं, हा त्यांचा नेम. तो वड तुटणार या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

मे महिन्यात अमावास्येला गल्लीतल्या बायकांनी वट सावित्रीची पूजा केली. दुसऱ्याच दिवशी वनरक्षक जयसिंग ठेकेदाराला आणि त्याच्या करवतीला घेऊन हजर झाला.

"ऑर्डर है, माताजी. 'वट सावित्री पूजा के बाद कटान.' पूजा तो कल हो गई."

"ती तुमची झाली, भैया," सुनेत्राबाई म्हणाल्या. "हम महाराष्ट्रवालों की पूर्णिमा को होती है."

जयसिंगने कागद उलटसुलट करून पाहिला. पूजा कोणाची, हे साहेबांनी लिहिलं नव्हतं. झाड तोडल्याचा जाब कोणी विचारत नाही, पण पूजा मोडली तर साहेब हात वर करणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"कितने दिन?"

सवयीने 'पंधरा' सुनेत्राबाईंच्या ओठांवर आलं होतं. तरी त्यांनी घरात जाऊन भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून आणलं. यंदा अधिक ज्येष्ठ आला होता. वटपौर्णिमा थेट एकोणतीस जूनला.

"तैंतालीस," त्या म्हणाल्या.

"ये कौन सा हिसाब है?"

"ऊपर से ऑर्डर है," आभाळाकडे बोट दाखवत सुनेत्राबाई शांतपणे म्हणाल्या. करवत परत गेली.

पौर्णिमेला त्यांनी वडाला दोरा गुंडाळला. "दोऱ्याने करवत अडत नाही," आत्माराम म्हणाले. बाईंनी दोऱ्याचा आणखी एक वेढा दिला, कारण त्यांनाही तीच भीती होती.

तीस जूनला जयसिंग आला तो एकटाच, तोंड पाडून. उद्यापासून वृक्षारोपण सप्ताह होता. त्या आठवड्यात झाड पाडलं तर पेपरात फोटो येतो, म्हणून कटाई आठ दिवस पुढे गेली होती. पण त्याचं दुखणं वेगळंच होतं. दोनशे रोपांचे फोटो जागेच्या नोंदीसह मोबाइलवरून पाठवायचे होते आणि नर्सरीच्या गाडीतून उतरली एकशे एकोणनव्वद. उरलेली अकरा आलमबागच्या पुढे कुठे गळाली, हे ड्रायव्हरलाही सांगता येईना.

सुनेत्राबाईंनी त्याला पाणी दिलं आणि वडाकडे पाहिलं. या वर्षी बऱ्याच कोवळ्या पारंब्या जमिनीला टेकून रुजल्या होत्या. त्यांनी बोट लावून अकरा मोजल्या.

"ये देखो. नए हैं, जड़ पकड़ ली है. और क्या चाहिए?"

जयसिंगने एक पारंबी ओढून पाहिली. "लेकिन माताजी, ये तो ऊपर से आए हैं."

"सरकारी पौधा भी ऊपर से ही आता है."

जयसिंगला हे पटलं. त्याने अकरा फोटो काढले आणि पाठवून दिले.

आठ दिवसांनी ठेकेदार करवत घेऊन आला, तर जयसिंगच वडाला पाठ लावून उभा. फोटो पाठवलेलं रोप तीन वर्षं जिवंत दाखवावं लागतं, नाहीतर वनरक्षकाची चौकशी लागते. रस्ता इथे जरा वळेल, असं त्यानेच ठेकेदाराला सांगितलं. मग ४७ खरवडून काढला आणि पारंब्यांवर १९० ते २०० आकडे घातले.

"तीनच वर्षं?" गॅलरीतून आत्मारामांनी विचारलं.

"बावीस वर्षं या वडाकडे सात जन्म तुम्हालाच मागतेय, त्याची अजून पोचसुद्धा नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या. "ही तीन निदान लेखी आहेत."