अठरा तारीख

“अगो भाग्यश्री, सगळ्या बायांची पाळी एक तारखेलाच? पाळी हाय का पगार?”

सुंदराताईंनी हे जूनमध्येच विचारलं होतं. मी हसले होते. त्या मुरबाडकडच्या आशा सेविका. पाड्यापाड्यावर चालत जाऊन गरोदर बायांची नोंद करतात. मी इथे शहापुरात घरी बसून, मांडीवर निशीला घेऊन, एका संस्थेसाठी त्या नोंदी संगणकात भरते.

“ते तक्त्यासाठी आहे हो ताई. कोणत्या महिन्यात किती, एवढंच साहेबांना बघायचंय.”

“तक्ता तुझा तू कर. पन मी लिवलेली तारीख हाय तशी ऱ्हाऊ दे. पोर काय तुझ्या तक्त्यातून नाय येत.”

हो म्हटलं आणि विसरले.

आज भाऊबीज, तेवीस ऑक्टोबर. सकाळी आठला बाळीचा फोन आला. गाडीच्या तारखा मीच कळवते, म्हणून बायांकडे माझा नंबर असतो. बाळी सिद्धगडाच्या पायथ्याच्या उंबरटेंभीची. पहिल्या वेळी तिचं सिझर झालंय, म्हणून दिवस भरायच्या दहा दिवस आधी तिला मुरबाडला आणून ठेवायचं ठरलेलं. पाड्यावर फोन एकच, गणूच्या दुकानातला.

“ताई, कंबर लय दुखते. रातपासून.”

“सारखी?”

“मधीमधी. भात कापायला बसली का जास्त.”

मागून गणू ओरडला, “बाळे, आटप गो! बॅटरी चालली, लाइट नाय दोन दिस!”

मी यादी बघितली. बाळीच्या नावापुढे आठ नोव्हेंबर. “अजून सोळा दिवस आहेत ग. खोट्या कळा असतील. गाडी एकोणतीसला येईल.”

“मंग एवढा तुकडा कापून घेते,” ती म्हणाली. तिला सुटल्यासारखं वाटलं, ते आवाजात कळलं.

फोन ठेवला, पण चैन पडेना. सिझर झालेल्या बाईला कळा आल्या की तारीख बघायची नसते, एवढं मलाही कळतं. मी बघितली. निशीला मऊ भात भरवता भरवता पुन्हा यादी उघडली. सर्वात वर माझीच ओळ होती. काम शिकताना सरावासाठी निशीच्या वेळची माझी पाळीची तारीख घातलेली. त्यापुढे दिवस भरायची तारीख होती, आठ मार्च. माझी निशी बावीस फेब्रुवारीची. डॉक्टरांनी मला चोवीस फेब्रुवारी सांगितली होती.



मी ‘आर’ नावाच्या संगणकभाषेत काम करते. तारीख महिन्यावर आणायची तर तिथे दोन आज्ञा आहेत. ‘फ्लोअर’ ती त्याच महिन्याच्या एकला मागे नेते. ‘राउंड’ जवळच्या एक तारखेला नेते, म्हणजे महिन्याच्या पंधरा-सोळा तारखेनंतरची तारीख पुढच्या महिन्यात ढकलते. मी राउंड वापरलं. तेही एक वेळ चाललं असतं. पण नवा रकाना न करता मी मूळ तारखांवरच ते लिहिलं, आणि पुढे दिवस भरायचा हिशोब त्याच रकान्यावरून झाला.

फोनमधला सुंदराताईंच्या वहीचा फोटो उघडला. बाळीच्या नावापुढे त्यांचं अक्षर: ‘पाळी म्हशाच्या जत्रेत घोंगडी घेतली त्या दिवशी. १८ जानेवारी.’ माझ्या यादीत एक फेब्रुवारी.

बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. पंचवीस ऑक्टोबर. परवा. तिला पंधरा तारखेलाच आणायला हवं होतं.

गणूचा फोन बंद. दहा वेळा लावला. सुंदराताई भावाकडे कसाऱ्याला आहेत. त्यांना फोन लावून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, “गाडी बोलावलीस का? मी निघते.” पण कसाऱ्याहून तिथे पोचायला त्यांना तीन गाड्या बदलाव्या लागतील.

रुग्णवाहिका बोलावली. ती डांबरी रस्ता संपतो तिथे उभी आहे. ड्रायव्हर म्हणतो, वर वाट पायी आहे, वरून कोणी आलं नाही, कुठली वाट धरायची? त्यांनी एक माणूस वर पाठवलाय, तो वाट विचारत चाललाय. शेखर, माझा नवरा, मोटारसायकल घेऊन निघालाय. मुरबाड सोडल्यावर त्याची रेंज गेली.

अशा एकोणीस बाया निघाल्या. बाकी अठराजणींशी बोलून झालं. दोघी तर बाळंत होऊन सुखरूप आहेत. उरली बाळी. ती आत्ता उन्हात, विळा घेऊन, माझ्या शब्दावर बसली असेल. निशी रडतेय, तिला कडेवर घेऊन हे लिहितेय.

हे मी आमच्या तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर टाकतेय. तुम्ही नारळ-ओवाळणी घेऊन त्या बाजूला गेला असाल, गडाखाली कुणाचा भाऊ, कुणाची बहीण राहत असेल, तर कृपा करून उंबरटेंभीला चढा. सुंदराताईंनी सांगितलंय, गणूच्या दुकानामागे तिचं घर, घरापुढे भाताचं खाचर. घरात नसली तर खाचरात बघा. तिला म्हणा, भाग्यश्री चुकली, विळा ठेव. आणि ती कशी आहे ते मला कळवा. काहीही असलं तरी कळवा.