चेलनाचा बूट

"तिला म्हणावं, पाय अजून वर घे. हां! आता हलू देऊ नका, लालासाहेब."

बनुबाई हत्तिणीच्या पुढ्यात फतकल मारून बसल्या होत्या. माहूत लालासाहेबांनी हलकी हाक दिली तशी चेलनाने पुढचा उजवा पाय दुमडून वर धरला आणि बनुबाईंनी त्याच्याभोवती सुतळी फिरवून मापाची गाठ मारली. चेलना ही गावातल्या जैन बस्तीची, म्हणजे मंदिराची, हत्तीण. झूल पांघरून ती पूजेच्या मिरवणुकीत पुढे चालली की आसपासच्या गावांच्या पोटात दुखायचं. पण वर्षानुवर्षं फरशीवर उभं राहून तिच्या तळव्याला जखम झाली होती आणि ती आता आतून पिकत चालली होती. पट्टी बांधली की चेलना ती सोंडेने सोडून टाकायची, आणि उघड्या जखमेत शेण-मूत जायचं. बूट शिवण्यावाचून इलाज नव्हता, आणि असला बूट सांगलीच्या कुठल्या दुकानात मिळणार?

बनुबाई कुपवाडच्या एका कारखान्यात ट्रकच्या ताडपत्र्या शिवायच्या. मालक भरतेश बस्तीच्या कमिटीवर होते, त्यांनीच ही कामगिरी बनुबाईंच्या गळ्यात घातली. अर्थात त्यांना ती गळ्यात पडल्यासारखी वाटलीच नाही. आपला टाका जन्मात उसवला नाही, हे नव्या माणसाला त्या नाव सांगायच्या आधी सांगत. मशीनवरच्या बाकीच्या बाया त्यांच्या पाठीमागे यावरून हसायच्या, पण अवघड शिवण आली की मुकाट्याने त्यांच्याच पुढ्यात आणून टाकायच्या.

"बनुबाई, पाय टेकवूनही एक माप घ्या," हत्तिणीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर ब्राह्मी म्हणाल्या. "वजन आलं की तिचा तळवा पसरतो."

"पसरतोय? भाकरी हाय का ती थापायला?" बनुबाई हसल्या. "डॉक्टरीणबाई, अख्खा ट्रक झाकतीया मी. ह्यो तर नुसता पाय हाय. तुमी औषधाचं बघा, मापाचं माझ्यावर सोडा."

डॉक्टर पुन्हा सांगणार होत्या, तेवढ्यात चेलनाने कळ लागून पाय झटकला, त्या लगेच जखमेकडे धावल्या आणि माप तसंच राहून गेलं.

परत जाताना भरतेशांच्या गाडीत डॉक्टरांनी खरी गोष्ट सांगितली. पू हाडापर्यंत गेला तर चेलनाला उभं राहवणार नाही. आणि एवढं धूड एका कुशीवर पडून राहिलं, तर स्वतःच्याच वजनाने त्याची छाती दबते, श्वास कोंडतो. कमिटीने तिला कर्नाटकातल्या जंगलाकडेच्या हत्ती छावणीत पाठवायचं ठरवलं होतं. हत्तिणी म्हणजे आई, मावश्या, मुली मिळून कळपात राहणाऱ्या. चेलनाने लहानपणापासून दुसरा हत्ती पाहिलेला नव्हता. या निर्णयावरून गावात दोन तट पडले होते. पण पाय सुधारला नाही तर तिला ट्रकमध्ये चढवायचा प्रश्नच नव्हता.

"म्हंजे समदं बुटावर हाय म्हना की," बनुबाई म्हणाल्या. त्यांना भीती वाटली नाही. उलट आपल्यासारखं माणूस भेटलं हे हत्तिणीचं नशीब, असंच त्यांना वाटलं.

बूट देखणा झाला. खाली साखर कारखान्यातल्या ऊस वाहणाऱ्या जुन्या पट्ट्याचं जाड रबर, वर दुहेरी कॅनव्हास, मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याची शिवण आणि वर बांधायला तीन पट्टे. जिथे मशीनची सुई जाईना तिथे बनुबाईंनी दाभणाने हात चालवला. बस्तीत नेला तेव्हा बघायला निम्मं गाव लोटलं.

बूट पायात झकास बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लालासाहेबांनी चेलनाला पाय टेकायला सांगितलं. तिने टेकला, त्यावर भार दिला, आणि अशी किंकाळी फोडली की बायकांनी पोरांना छातीशी धरलं.

पाय बुटात पसरला होता आणि बूट पसरत नव्हता. शिवणीची कड नेमकी जखमेवर दाबत होती. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर टाके तटातट तुटले असते आणि तिची सुटका झाली असती. बनुबाईंचा टाका तुटला नाही. सोंडेने ओढूनही तुटला नाही.

"पट्टा सोडा!" डॉक्टर ओरडल्या. पट्टा आवळून बसलेला. चेलना पाय आपटायला लागली. लालासाहेब तिच्या कानाशी लागून बोलत होते, पण पायाजवळ जायला कोणी धजेना.

बनुबाई उठल्या, पदर खोचला, पिशवीतली कापायची धारदार रापी काढली आणि सरळ हत्तिणीच्या पायाशी बसल्या. "धर गं बाय, जरा दम धर," म्हणत त्यांनी आपल्या हाताने घातलेली शिवण वरपासून खालपर्यंत चिरली. बूट उघडून पडला. पांढऱ्या कॅनव्हासला आतून रक्त आणि पू लागलेला होता.

डॉक्टरांनी "मी सांगितलं होतं" एवढंसुद्धा म्हटलं नाही, आणि बनुबाईंना तेच जास्त लागलं.

"डॉक्टरीणबाई," त्या खाली बघून म्हणाल्या, "चुकलं माझं. आता दावा मला, कसा पसरतोय त्यो."

डॉक्टर त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. "हत्ती बोटांवर चालतो, बनुबाई. बोटांच्या मागे चरबीची जाड गादी असते. भार आला की ती पसरते, पाय उचलला की आवळते. म्हणून तर एवढं जनावर चिखलातून अलगद पाय काढून घेतं."

चेलना शांत झाल्यावर बनुबाईंनी चांगल्या पायाला दोन्ही मापं घेतली, एक उचललेल्याचं, एक टेकलेल्याचं. दोन सुतळ्या शेजारी शेजारी धरल्या आणि कपाळावर हात मारला.

"आवं, चोळी शिवतानासुद्धा हात वर करायला काखंत ढिलाई ठेवती मी. आन हितं इसरले!"

दुसऱ्या बुटाला त्यांनी चारी बाजूंनी कॅनव्हासच्या तिकोनी कळ्या घातल्या, पाय टेकला की उघडणाऱ्या आणि उचलला की मिटणाऱ्या. शिवण जखमेपासून लांब नेली. पट्ट्याला असं बकल लावलं की एका झटक्यात सुटेल. या वेळी गावाला बोलावलं नाही. चेलनाने पाय टेकला. कळ्या उघडल्या. तिने थांबून थांबून भार टाकला, मग पुरा टाकला, आणि सोंड खाली आणून आधी बूट हुंगला, मग बनुबाईंचं डोकं. शिवलेल्या एवढ्या ताडपत्र्यांपैकी एकीनेही कधी त्यांचा वास घेतला नव्हता.

पू आटला. चेलना ट्रकमध्ये चढली ती तोच बूट घालून. जाताना सगळं गाव रडलं, अबोला धरलेली घरंसुद्धा रस्त्यावर आली.

तिला रुळवायला लालासाहेब सोबत गेले होते. पाऊसकाळ सरता सरता त्यांचा कारखान्यात फोन आला.

"बनुबाई, पाय लय बेस झालाय! व्हिडिओ धाडलाय, बगा."

"आन बूट?"

लालासाहेब अडखळले. "त्यो... जाळला. जखमंची घान व्हती त्यात, ठेवता येत न्हाई म्हनले हितले डॉक्टर."

एवढं मन लावून बनुबाईंनी दुसरं काही शिवलं नव्हतं.

"पाय पुरा टेकती का?"

"आवं, पळती!"

"मग जाळंना का."

त्यांनी व्हिडिओ लावला. ओढ्याकाठच्या चिखलातून तीन हत्तिणी चालल्या होत्या आणि मधली चेलना होती. मशीनवरच्या साऱ्या बाया भोवती गोळा झाल्या. त्यातल्या राजेश्वरीने डोळे बारीक करून पाहिलं.

"मावशी, तुमचा बूट कुटं दिसंना."

"दिसंना न्हवं?" बनुबाईंनी मान ताठ केली, आणि फोन तिच्या आणखी जवळ नेला. "नीट बग. कुटंच न्हाई."