चाळीस जनावरं आणि पाचवं पोर

आवडीकाकीचं आणि माझं भांडण म्हशीवरून झालं. म्हैस तिची, गोठा तिचा आणि धारही तीच काढत होती. मी आपली चहापुरतं दूध न्यायला तांब्या घेऊन दारात उभी होते.

"काऊ," काकी म्हणाली.

"काऊ नाय गो काकी, बफेलो. काऊ म्हणजे गाय."

"मग हिच्या पारडीला काय म्हणतात?"

"काफ."

"आनि गायच्या वासराला?"

"त्यालाबी काफच."

काकीने धार थांबवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू ती भाषा मीच घरी बसून केली होती. "गायचं पोर नि म्हशीचं पोर त्यांना येगळं दिसत नाय? डोळं हायत का नाय? आमच्यात पाडी येगळी, पाडा येगळा, पारडू येगळं. शेळीचं करडू येगळं, कोंबडीची तलंग येगळी. नि हे म्हनं शिकलेलं!"

"काकी, मला नको सांगू. साहेब आल्यावर त्याला सांग."

"सांगीन की. भिते का काय मी?"

भीत होती. आम्ही सगळेच भीत होतो, म्हणून तर पहाटे पहाटे गोठ्यात इंग्रजी चाललं होतं.

आमचं धामणकोंड पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डांबरी संपते तिथून पाऊण तास चढून. घरं सव्वीस, त्यातली सतरा बंद. माणसं मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला तेवढी कुलपं निघतात. उरलेल्या नऊ घरांत मिळून पाच पोरं, आणि त्या पाच पोरांची एक शाळा. कौलं गळतात, पण शाळा आहे. बुद्धरत्न सर रोज खालून चढून येतात. मी तिथे पोरांची खिचडी शिजवते. माझी सेजल चौथीत.

गेल्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यातल्या एका वाडीत साहेब आले होते. त्यांनी पोरांना जनावरांची इंग्रजी नावं विचारली. पोरं गप्प. महिन्याभराने ती शाळा बंद झाली. आता ती नावांमुळे बंद झाली की आणखी कशामुळे, ते आम्हाला कोण सांगणार? आम्ही दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या आणि डोक्यावर घेऊन बसलो. सरांनाही तेच वाटलं. त्यांनी शाळेच्या भिंतीवर चाळीस जनावरांचा तक्ता लावला, आणि तक्त्यातली नावं वाडीभर पसरली. भात लावताना नावं, निंदताना नावं. काकीचा सुनील मुंबईला गोदामात कामाला, तोही रात्रपाळीच्या आधी फोनवर आवाज भरून पाठवायचा, "आये, हॉर्स म्हंजे घोडा. डाँकी म्हंजे गाढव. माझ्या दर्शनाला ऐकव."

एका गोष्टीने मात्र काकी खूश झाली. आमच्याकडे रानातल्या मोठ्या जनावराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते येतं. सापाला आम्ही लांबडं म्हणतो आणि त्याला, त्या ठिपकेवाल्याला, नुसतं 'ते'. गेल्या पावसाळ्यात 'त्या'ने महादूकाकाच्या दोन शेळ्या नेल्या, तरी महादूकाका आजवर "ते आलं होतं" एवढंच सांगतो. सरांनी तक्त्यावर बोट ठेवून "लेपर्ड" म्हटलं, तेव्हा काकीने कानावर हात नेला आणि मग हळूच खाली घेतला.

"इंग्रजीत घेतलं तर चालतंय," ती म्हणाली. "त्याला कुठं इंग्रजी येतंय?"

तेव्हापासून वाडीत सगळे बिनधास्त लेपर्ड म्हणायला लागले. इंग्रजीचा आम्हाला झालेला हा एवढाच उपयोग.

पाचांतली चार पोरं तयार झाली. ओम तर झोपेतून उठवला तरी काऊपासून एलिफंटपर्यंत म्हणून दाखवायचा. अडली ती दर्शना, काकीची नात. सुनीलची खोली मुंबईत दहा बाय दहाची, म्हणून पोरगी इथे आजीकडे. तिसरीत होती. रानात गुरांमागे गेली की हिचं तोंड मिटत नसे, एकेका गाईला पाच पाच नावांनी हाक मारायची. पण शाळेत उभी केली की फ्रॉकचं टोक मुठीत धरायची आणि तिथेच संपलं. सर म्हणायचे, "तिला येतं. फक्त ओठावर येत नाही." मला ते पटायचं नाही. मला वाटायचं, साहेबासमोर ही उभी राहील, मुकी राहील आणि साहेब लिहील, पोरांना काही येत नाही.

भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा सरांचा फोन आला. ते पोलादपूरला मीटिंगला गेले होते. म्हणाले, "ललिताताई, उद्या साहेब येणार आहेत. पोरं अंघोळ करून, गणवेश घालून साडेदहाला तयार ठेवा. मी साहेबांबरोबरच येतो." पुढे काहीतरी सांगत होते, पण आमच्याकडे रेंज एका वाक्यापुरतीच असते.

त्या संध्याकाळी मी काकीकडे गेले. पुढचं सगळं माझं आहे, ते दुसऱ्या कोणाच्या माथी मारायचं नाही.

आमच्यात गुरांची पाळी असते. वाडीची सगळी गुरं एकत्र रानात न्यायची आणि एकेका घराने एकेक दिवस राखायची, भात उभं असेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पाळी महादूकाकाची होती. म्हातारा एकटाच, कानाने अधू. त्याच्या सोबतीला कोणीतरी लागायचंच.

"काकी," मी म्हणाले, "उद्या दर्शनाला महादूकाकाबरोबर धाडूया काय?"

काकी चुलीत फुंकत होती. फुंकायची थांबली नाही, पण फुंक निघेना. "साळंचं काय?"

"चार पोरं पटापटा बोलतील. साहेब खूश होऊन जाईल. हिला उभी केली नि ही गप्प राहिली तर..."

"तर?"

"काकी, शाळा गेली तर पोरांना खालच्या गावात जायला लागंल. रानातून दीड तास. नि रानात कोण हाय ते तुला ठाऊक हाय."

काकीने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. तेवढ्यात दर्शना भिंतीआडून पुढे आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"काकी, मी उद्या नाय आले तर चालंल?" तिने मलाच विचारलं.

"चालंल गो," मी म्हणाले. "एका दिसाचं काय."

पोरगी एवढी हसली की मला बरं वाटलं. लगेच कोपऱ्यातली काठी काढून पुसायला बसली. 

साहेब अकराला वर आले. चढण चढून शर्ट पाठीला चिकटलेला, बुटांना चिखल. माणूस वाईट नव्हता. पाणी मागितलं, पोरांना बसा म्हणाले, खुर्चीवर बसून बॅगेतून कागद काढले. माझं लक्ष सरांकडे होतं. सर दारातच उभे राहून पोरं मोजत होते, आणि मोजून झाल्यावर पुन्हा मोजत होते.

"दर्शना कुठंय?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"पोटात दुखतंय तिच्या," मी म्हणाले.

साहेबांनी पेन उघडलं. ओमला वाटलं सुरुवात झाली. तो उठून हात बांधून ओरडला, "काऊ! बफेलो! गोट!"

"बस, बाळा," साहेब म्हणाले, आणि पेनाच्या टोकाने पोरं मोजली. "सर, पट पाच आहे ना? इथे चार दिसतात."

"एक मुलगी आजारी आहे, साहेब. रोज येते. हजेरी बघा."

"हजेरी बघून उपयोग नाही. आज पटपडताळणी आहे. समोर असेल तेवढंच मूल धरायचं. पाच भरले तर शाळा राहते, चार भरले तर खालच्या शाळेला जोडायची. मघाशी वाटेत सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलंत," सर म्हणाले. "पण आमची पाचही रोज असतात, साहेब. म्हणून मी निर्धास्त होतो."

 म्हणजे नावं नकोच होती कोणाला. काऊ नको, लेपर्ड नको, नुसती पाच डोकी हवी होती. मुकं पोर चाललं असतं. झोपलेलं चाललं असतं.

"आजारी असेल तर घरीच असेल," साहेब म्हणाले. "उचलून आणा. मी बघतो आणि पाच लिहितो. मला अजून दोन वाड्या करायच्या आहेत, एक वाजेपर्यंत थांबतो."

"ती घरी नाय," मी म्हणाले. "गुरांकडं गेलीय. मीच धाडली."

सरांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी पळाले. काकी वाटेतच भेटली, ती बांधावरून शाळेकडेच बघत बसली होती. तिला एका वाक्यात सांगितलं. सत्तरीची बाई, पण माझ्यापुढे पळाली. महादूकाका गुरं घेऊन वहाळापलीकडच्या उतारावर गेला होता. आम्ही काठावर पोचलो आणि तिथेच थांबलो. सकाळी वरच्या डोंगरावर पावसाची मोठी सर येऊन गेली होती, आणि गुडघाभर असणारा वहाळ आता लाल होऊन दगडांवरून धावत होता.

पलीकडे दर्शना दिसत होती. खडकावर उभी, काठी खांद्यावर, भोवती गुरं. तोंड हलत होतं तिचं, गुरांशी काहीतरी बोलत होती.

"दर्शने!" काकी ओरडली. "ये गो बाय! साळंत ये!"

पाण्याच्या आवाजात काय ऐकू जाणार? शेवटी काकीने पदर काढून हवेत फिरवला. तेव्हा पोरगी धावत काठाला आली. महादूकाकाने मागून येऊन तिचा दंड धरला आणि आमच्याकडे बघून हात आडवा हलवला. नाही. खरंच होतं त्याचं, त्या पाण्यात मोठा माणूस उभा राहिला नसता. मी पदर खोचून पाण्यात एक पाय घातला, तर काकीने माझे केस धरून मागे ओढलं.

"तू मेलीस तर सेजलला कोन बघंल, भवाने?"

मग आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो. आम्ही दोघी अलीकडे, ती पलीकडे. मधे बारा हात पाणी. पोर डोळ्यांना दिसत होतं आणि साहेबाच्या कागदावर जात नव्हतं.

मी परत पळत शाळेत आले. सांगितलं की पोर आहे, दिसतंय, पाणी उतरलं की येईल. फोटो काढून आणते म्हणाले. साहेब म्हणाले, फोटो चालत नाही. तरी माणूस दीड वाजेपर्यंत बसला. माझी खिचडीही खाल्ली. मग घड्याळ बघितलं आणि चार लिहिले.

"ताई, खोटं पाच लिहिलं तर उद्या माझ्यावर येईल," ते म्हणाले. "तुम्ही तिला आजच का पाठवलीत?"

काय सांगणार? तुम्हाला खूश करायला, असं?

साहेब बॅग बंद करत असताना ओम पुन्हा उठला. "साहेब, नावं बोलू?"

"बोल."

साहेब बुटांचा चिखल खरवडत होते आणि ओम बोलत होता. काऊ, बफेलो, गोट, शीप, हॉर्स, डाँकी. चाळीसच्या चाळीस, एकही न चुकता. "शाब्बास," साहेब म्हणाले आणि वाटेला लागले. सर त्यांच्या मागून चालले होते, पण त्यांची मान वर नव्हती.

पाणी चारच्या सुमाराला उतरलं. दर्शना गुरांबरोबर आली, पाय चिखलाने भरलेले, आणि सरळ माझ्या दारात उभी राहिली.

"काकी, सायबानं इचारलं?"

"नाय गो."

"कायच नाय इचारलं?"

"कायच नाय."

ती थोडा वेळ काठीने जमीन उकरत राहिली. "मग मी आले असते ना," म्हणाली आणि घरी गेली. त्या दिवशी मी दिवा लावायचाही विसरले.

कागद दिवाळीच्या आधी आला. सुनीलने मुंबईहून अर्ज केला, सर दोनदा अलिबागला जाऊन आले, सरपंचांनीही फोन केले. सगळे म्हणाले बघतो. दिवाळीनंतर शाळेला कुलूप लागलं, बंद घरांत आणखी एकाची भर पडली. माझी खिचडीची पातेली खालच्या शाळेने नेली. सरांची बदली झाली. जाताना त्यांनी तो तक्ता भिंतीवरून काढला आणि दर्शनाच्या हातात दिला. का दिला, मी विचारलं नाही. मला कळलं.

आता रोज सकाळी सात वाजता आम्ही निघतो. पुढे पाच पोरं, मागे आम्ही दोघी. पाळी लावलीय आम्ही, गुरांची असते तशी, पण काकी आणि मी पाळी नसली तरी जातो. काकीच्या हातात कोयता. रानाच्या वाटेने गप्प जायचं नसतं, माणसांचा आवाज आला की 'ते' बाजूला होतं. पहिल्या दिवशी पोरांना कळेना काय ओरडायचं. पाचांना मिळून तोंडपाठ असं एकच होतं.

"काऊ! बफेलो! गोट!"

सगळ्यांत पुढे दर्शना असते. फ्रॉकचं टोक धरायला हात मोकळा नाही, एका हातात काठी आणि एका हातात दप्तर. तिचा आवाज सगळ्यांवर जातो. चाळीस नावं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही चुकत नाही. रोज ऐकते मी, आणि रोज वाटतं, त्या दिवशी ही नुसती शाळेत बसली असती तर...

परवा करवंदीच्या जाळीजवळ वाट ओली होती आणि चिखलात पंजे उमटलेले होते. ताजे. काकी थांबली. मी थांबले. पोरंही गप्प झाली. कोणी नाव घेतलं नाही. काकीने कोयता घट्ट धरला, आणि मागे फिरावं की पुढे जावं ते मलाही सुचेना. मागे घर अर्ध्या तासावर होतं आणि पुढे शाळा एका तासावर.

दर्शनाने एकदा आजीकडे बघितलं. मग तोंड रानाकडे केलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली,

"लेपर्ड!"

बाकीची चौघं तिच्यामागून ओरडली. काकी ओरडली. मीही ओरडले. रान गप्प होतं. आम्ही ओरडत ओरडतच पुढे चालायला लागलो, कारण पावणेआठ झाले होते आणि खालच्या शाळेत पोरांना उशीर झाला की बाहेर उभं करतात.